नेम आणि नजर

काव्यहेतूंचा तास घेताना आम्ही फळ्यावर तीन शब्द लिहितो: प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास. पहिल्या दोहोंवर चर्चा रंगते. तिसरा बहुधा एका वाक्यात आटोपतो. प्रस्तुत टिपण त्या उपेक्षित तिसऱ्या हेतूविषयी आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते हायस्कुलात शिक्षक होते. वय अवघे तेवीस. पुढे रत्नागिरीला बदली झाली, अंकांना विलंबही झाला. तरी ८४ अंक निघाले आणि त्यांतील मजकूर जवळजवळ एकहाती होता. ज्या लोकहितवादींवर शास्त्रीबुवांनी कठोर टीका केली, त्यांनीही सरकारी नोकरी सांभाळून १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात १०८ पत्रे लिहिली होती. मतांनी हे दोघे दोन टोकांना. पण ठरल्या वेळी लिहिण्याचे बंधन दोघांनीही आपणहून पत्करले. शास्त्रीबुवांनी ज्यांच्यावर दीर्घ निबंध लिहिला, त्या डॉ. जॉन्सन यांनी १७५० ते १७५२ या दोन वर्षांत 'रॅम्बलर'चे २०८ अंक आठवड्यातून दोनदा काढले, बहुतेक सारे स्वतः लिहून. आणि याच वर्षांत त्यांचे कोशाचे कामही चालू होते.

नेमलेली तारीख लेखकाला काय देते? ती त्याची परिपूर्णतेची हौस मोडते. विषय आज संपवावाच लागतो. राहिलेले पुढच्या खेपेस सांगता येते. वाचक वाट पाहत आहे या जाणिवेने वाक्य आटोपशीर होते. आमच्या भागात धानाची रोवणी मनाची लहर पाहून होत नाही. पऱ्हे तयार झाले की चिखलात उतरावेच लागते. उशीर केला तर पीक घटते. लेखनाचेही काहीसे असेच आहे.

परंतु तारीख लिहिते करते, लिहिण्याजोगे काही देत नाही. नुसत्या नेमाने साचा तयार होतो, आणि तोच मजकूर नव्या मथळ्याखाली फिरू लागतो. मराठी सदरलेखनात याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. म्हणून नेमाला नजरेची जोड हवी. तिचा आदर्श आम्हांला जवळच सापडतो. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत हा परिसर भंडारा जिल्ह्यातच होता. पाहिलेला पक्षी, ऐकलेला शब्द, रानातल्या माणसाने सांगितलेली खूण ते वहीत टिपून ठेवीत. त्या वह्यांची वाट पाहणारा कोणी संपादक नव्हता. २००२ चा 'पक्षीकोश' अशा दीर्घ टिपणांशिवाय संभवत नाही. चिपळूणकरांचा नेम वाचकाशी होता, चितमपल्लींचा पाहण्याशी. पहिल्याने लेखन नियमित होते. दुसऱ्याने ते रिकामे राहत नाही.

आम्ही मराठीचे काही प्राध्यापक गेली काही वर्षे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन-दोन पाने लिहून एकमेकांपुढे वाचतो. सबब चालत नाही. आरंभीच्या पानांत 'निसर्गरम्य' हे विशेषण फार होते. हळूहळू त्याच्या जागी मालगुजारी तलाव, बोडी, पाळ, पाट हे शब्द आले, कारण दर महिन्याला नवे विशेषण सापडत नाही; तळ्याकडे मात्र पुन्हा जाऊन पाहता येते.

हा केवळ हौसेचा भाग नाही. वर्षभर प्रश्नपत्रिका, अहवाल आणि मुद्देसूद उत्तरे यांत वावरणाऱ्या शिक्षकाची भाषा नकळत त्याच मापाची होते; आणि विद्यार्थी पुस्तकाइतकीच शिक्षकाची भाषाही उचलतो. 'निबंधमाला' शिकविणाऱ्याने स्वतः काहीच लिहिले नाही, तर विद्यार्थ्याला ती परीक्षेच्या नोट्‌ससारखीच वाटणार. मागच्या खेपेस एका विद्यार्थिनीने आपण होऊन दोन पाने आणली. विषय होता तिच्या आजीचे धानाच्या वाणांचे शब्द. पुढच्या शनिवारी ती उरलेले शब्द आणणार आहे.