आतून कडी

जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे तळं आणि हंस रंगवलेला पडदा, आणि सगळ्यात मागे, जिन्याखाली, डार्करूम. बाबा आत गेले की आतून कडी लागायची. मग गिऱ्हाईक येवो की पाहुणे, हाक मारायची नाही, हा घरातला कायदा. एकदा कडी नीट बसली नव्हती आणि शाळेतून आल्या आल्या मी दार ढकललं. ‘इंदू’ कागदाचं उघडं पाकीट उजेड लागून जागेवर बाद झालं. बाबा ओरडले नाहीत. त्या महिन्यात मला नवी चप्पल मिळाली नाही, एवढंच.

डेव्हलपर साधारण २० अंशांवर लागतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५-४६ला सहज टेकतो आणि नळाचं पाणी आंघोळीलासुद्धा नको वाटतं. बाबा पाव लादी बर्फ आणायचे, गोणपाटात गुंडाळून फोडायचे आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरून ट्रेच्या खालच्या परातीत ठेवायचे. मी थोडा मोठा झाल्यावर ते मला आत घेऊ लागले. लाल दिव्यात ट्रेमधला कोरा कागद बघत बसायचं. आधी केस उगवायचे, मग भुवया, मग डोळे. हायपोचा आंबूस वास, पंखा नाही, पाठीवरून घाम ओघळतोय, आणि दोघांपैकी कोणी बोलत नाही.

जंगलात एकट्याने राहून फोटो सुचतात कसे, असं हल्ली लोक विचारतात तेव्हा मला आधी ही खोली आठवते. आमचा धंदा मुळात अर्धा चारचौघांत आणि अर्धा कडी लावून करायचा होता. डिजिटल आलं आणि तो दुसरा अर्धा गेला. त्याबद्दल मी गळा काढत नाही. माझं घर डिजिटलवरच चालतं. लग्नसराईत एका दिवसात तीन हजार फ्रेम सहज होतात. पण बटणावरचं बोट उचलायच्या आत मागून कोणीतरी वाकून म्हणतं, ‘‘दाखवा ना दादा, कसा आला?’’ नवरीची मावशी सांगते, हा नको. नवरदेवाचा मित्र सांगतो, अजून एक. फोटो काढणं, बघणं आणि त्याच्यावर निकाल देणं हे सगळं चार सेकंदांत उरकतं. जिन्याखालच्या खोलीत आता ट्रायपॉड आणि छत्र्या ठेवल्या आहेत.

जंगलाकडे मी वळलो तो या गर्दीला कंटाळून, आणि गेलो ते थेट दुसऱ्या गर्दीत. ताडोबा १९५५पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आमच्या लहानपणी तिकडे कोणी फारसं जात नसे. आता मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग आणि प्रत्येक जिप्सीत माझ्यापेक्षा लांब लेन्स. वाघीण रस्त्यावर आली की बारा-पंधरा शटर एकदम कडकडतात, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. माझ्याकडे माया वाघिणीचे चारशेच्या वर फोटो आहेत. सगळे चांगले आहेत. अगदी तसेच चांगले फोटो आणखी शेकडो लोकांकडे आहेत आणि त्यातला माझा कोणता हे मलाही ओळखता येणार नाही.

मग एका वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या मचाणाला नाव दिलं. पूर्वी या रात्री पाणवठ्यावर बसून जनावरं मोजायचे. वाघांचा अंदाज २००६पासून कॅमेरा ट्रॅपच्या पद्धतीने काढतात. ही रात्र मात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून टिकली. (कॅमेरा ट्रॅपची कल्पना तशी जुनी. फ्रेडरिक चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात उत्तरेकडच्या जंगलांत वाटेवर तार लावून वाघालाच स्वतःचा फोटो काढायला लावला होता. फोटोग्राफर हजर नसताना निघालेले ते फोटो पाहून मला नेहमी जरा अपमान झाल्यासारखं वाटतं.)

दुपारी चारला चढलो. सोबत बफरमधल्याच एका गावचे वनमजूर होते, वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. बोलायचं नाही, बॅटरी लावायची नाही, अत्तर नाही, विडी नाही. पहिल्या तीन तासांत मी दोनशे फोटो काढले. वानरं, चितळं, पाण्यावर उतरलेले होले. हे सगळे लग्नातलेच फोटो होते. फक्त वऱ्हाडी वेगळे.

अंधार पडला आणि कॅमेऱ्याची मस्ती उतरली. पौर्णिमेच्या उजेडात एफ २.८, आयएसओ ३२०० ठेवूनसुद्धा दोन सेकंदांचं एक्सपोजर लागतं. दोन सेकंद कोण थांबतं? एक सांबर पाण्यावर आलं. फोटोत त्याचे चारही पाय आले. मान आणि कान सारखे हलत होते, ते विरून गेले. साडेदहानंतर काहीच आलं नाही. साडेअकरा झाले, बारा झाले. मांडीला मुंग्या आल्या. लांब कुठेतरी रातवा लाकडावर ठोकल्यासारखा ओरडत होता. हा शब्द मला आधी मारुती चितमपल्लींच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भेटला आणि पक्षी त्यानंतर कितीतरी वर्षांनी. चितमपल्ली जून २०२५मध्ये गेले. जंगलात त्यांची सारी नोकरी झाली, त्यामुळे जंगलाला कंटाळण्याचा त्यांना आपल्यापेक्षा जास्त अधिकार होता. ते कंटाळले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मी मात्र कंटाळलो, आणि खरं सांगायचं तर जे काही झालं ते त्या कंटाळ्यामुळेच. आधी भीती असते. ती तासाभरात ओसरते. मग डोक्यात बाजार भरतो. अल्बमचे राहिलेले पैसे, लेन्सचा हप्ता, मुलाची दहावी. हा बाजार बराच वेळ चालतो आणि त्याला हाकलून तो जात नाही. तो आपोआप उठतो, आठवडी बाजार उठतो तसा, आणि मग नुसतं मैदान उरतं. साधारण दीडच्या सुमाराला मला दिसायला लागलं की चंद्राचं प्रतिबिंब या दगडाकडून त्या दगडाकडे सरकलंय. वटवाघळं उडता उडता पाण्याला तोंड लावून जातात आणि प्रत्येक वेळी चंद्र फुटून पुन्हा जुळतो. हे संध्याकाळपासून चाललं असणार. मी बघत नव्हतो.

सोबतचे काका कानाशी येऊन म्हणाले, ‘‘सर, कॅमेरा झोपला का जी?’’

मी मान हलवली.

‘‘झोपू द्या. तो उठला का जनावर पळते.’’

पावणेचारला अस्वल आलं. पाण्यात पुढचे पाय घालून बराच वेळ प्यायलं, मग पाण्यातूनच चालत पलीकडच्या खडकावर चढून निघून गेलं. मी बटण दाबलं नाही. का, ते तेव्हाही कळलं नव्हतं; बहुधा काकांचं ऐकलं. ते गेल्यावर खडकावर त्याची ओली पावलं राहिली. अस्वलाचं मागचं पाऊल माणसाच्या पावलासारखं दिसतं. मे महिन्यातला तापलेला दगड, पाणी किती वेळ टिकणार? मी तीन फोटो काढले. पहिल्यात पाच पावलं, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक आणि अर्धं. ट्रेमधला कागद उलट्या दिशेने चालला होता, चेहऱ्याकडून कोऱ्याकडे.

त्या रात्रीच्या सगळ्या फोटोंमधले मी हे तीन लोकांना दाखवतो. बहुतेक जण विचारतात, कोण माणूस गेला?

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं शहरी माणसाचं कौतुक होऊन बसेल. व्याघ्रप्रकल्पात कोणालाच एकटं सोडत नाहीत. माझा एकांतही दोघांचा होता. आणि आमच्या जिल्ह्यातल्या गावकऱ्यासाठी जंगलात एकटं असणं ही काही कमाईची गोष्ट नाही. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या, तेंदूपानं तोडायला गेलेल्या बायामाणसांवर इथे दरवर्षी वाघाचे हल्ले होतात. म्हणून बाया जथ्याने जातात, मोठ्याने बोलत जातात. नोव्हेंबर २०२१मध्ये ताडोबाच्या कोलारा भागात गणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती वाघीण माया होती, असं सांगितलं गेलं. माझ्या चारशे फोटोंतली माया. त्या बातमीनंतर ते फोटो मी बरेच महिने उघडले नाहीत. ज्या शांततेसाठी मी पैसे भरून मचाणावर चढतो, ती शांतता खाली उभ्या असलेल्या माणसाला घाबरवते. मोहाच्या झाडाखालची जाळून साफ केलेली जमीन मी पूर्वी ‘निर्जन’ म्हणून टिपायचो. तिथे रोज पहाटे कोणीतरी वाकून टोपली भरत असतं. माझ्या फोटोतलं ओसाड म्हणजे कोणाचं तरी अंगण.

गडचिरोलीत हे जास्त कळतं. आलापल्लीहून भामरागडचा रस्ता धरला की साग, ऐन, बांबू संपता संपत नाहीत. हेमलकसा ओलांडलं की पर्लकोटा नदी आणि तिच्यावरचा ठेंगणा पूल. पूल ओलांडला की भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की पर्लकोटाचं पाणी पुढे सरकायला जागा राहत नाही, ते मागे फिरतं, पूल बुडतो आणि गाव तुटतं. हे दर पावसाळ्याचं आहे. मला ते ठाऊक होतं. तरी ऑगस्टमध्ये संगमाचे फोटो काढायला गेलो, दोन दिवसांसाठी, एका शिक्षक मित्राकडे.

दुसऱ्या रात्री पूल गेला. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. माझ्याजवळ एक बॅटरी, तिच्यातही दोनच काड्या शिल्लक. दुसरी बॅटरी चंद्रपूरला चार्जरला लावलेली, तशीच राहिली होती. मी पहिला संपूर्ण दिवस तिच्यावर चिडण्यात घालवला.

योसेफ सुदेक नावाचा प्रागचा फोटोग्राफर होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे जर्मनांनी प्राग व्यापलं, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं मुश्कील झालं, तेव्हा १९४०पासून तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढू लागला. काचेवरची वाफ, थेंब, बाहेरचं एक वाकडं झाड. युद्ध संपलं तरी १९५४पर्यंत त्याची ती खिडकी संपली नाही. बाबांकडे त्यातलं एक चित्र मासिकातून कापून चिकटवलेलं होतं, डार्करूमच्या दाराला आतल्या बाजूने. तिथे ते कोणाला दिसायचं, कोण जाणे.

मित्राच्या खोलीला काचेची खिडकी नव्हती. एक दार होतं, त्याच्यापुढे पडवी आणि पडवीपुढे पाऊस. दिवसाला चारच फोटो काढायचे असं मी ठरवलं. चार म्हटल्यावर माणूस एकदम कंजूष होतो. सकाळचा एक फोटो काढायला मला दीड तास लागला. पडवीत वाळत घातलेली आणि अजिबात न वाळणारी चादर. तिच्यामागे पाऊस आणि चादरीच्या खालच्या कडेला थेंबांची रांग. कॅमेरा हातात नव्हताच. मी नुसता बोटांची चौकट करून बघत होतो. शेजारच्या घरची माडिया म्हातारी समोरून गेली, ‘जोहार’ म्हणाली आणि माझ्या बोटांकडे पाहून हसली. दुपारी एक कोंबडी उंबरठ्यावर चढून आत यावं की नाही याचा विचार करत एक पाय वर धरून उभी राहिली. संध्याकाळी दारालाच कोणीतरी टेकवलेली ओली छत्री आणि तिच्याखाली हळूहळू पसरणारा डाग. त्या डागाने मला जवळजवळ तासभर बांधून ठेवलं. अस्वलाचं उलटं प्रकरण होतं ते. बाबा असते तर म्हणाले असते, अजून थोडा वेळ ट्रेमध्ये राहू दे.

तिसऱ्या दिवशी शेजारची तीन पोरं पडवीत येऊन बसली. मी काढत नाही हे बघून त्यांना माझी कीव आली असावी. सर्वांत लहान्याने समोर उभं राहून छाती पुढे काढली. एक फोटो काढला. त्या दिवसाचा पाचवा.

चौथ्या दिवशी पाऊस थांबला. गावात बोलणं सुरू झालं की दुपारपर्यंत पूल उघडा पडेल. बॅटरीत एकच काडी होती आणि तीही लाल. मी मनात फोटो बांधून ठेवला होता: पाण्यातून पुलाची पाठ वर येतेय, तिच्यावर गाळ, अडकलेल्या फांद्या आणि पलीकडच्या तीरावर उभी माणसं. हा फोटो वृत्तपत्रात नक्की लागला असता. कॅमेरा बंद करून, पिशवीत गुंडाळून नदीवर गेलो.

ती तीन पोरंही आली होती. लहान्याने पिशवी ओढली. त्याला आपला फोटो बघायचा होता. मी नको म्हणालो. त्याने पुन्हा ओढली. मग कॅमेरा चालू केला आणि दाखवला. त्याने पाहिलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, मग पुन्हा पहिल्याने, या वेळी स्वतःच्या छातीकडे जवळून. मग त्यांनी हाक मारून एका काकूला बोलावलं. ती येईपर्यंत पडदा काळा झाला होता.

पूल साडेतीनच्या सुमाराला वर आला. आधी मधला भाग, मग दोन्ही टोकं. मधोमध एक मुळासकट उपटलेलं झाड आडवं पडलं होतं आणि त्याच्या मुळांत कोणाचीतरी निळी प्लास्टिकची खुर्ची अडकलेली होती, सरळ, बसायला ठेवल्यासारखी.