कंठेरी चिखल्या

उन्हाळ्यात भीमेचं पाणी एका अंगाला सरकलं, की उघड्या पडलेल्या वाळूत आमच्या गावची माणसं कलिंगडं लावायची. राखणीला आम्ही पोरं. पायांपुढून एक चिमुकलं पाखरू तुरुतुरु पळायचं, थबकायचं, टोच मारून पुन्हा पळायचं. थबकलं की वाळूत दिसेनासंच व्हायचं.

त्याचं नाव कॉलेजात असताना सालिम अलींच्या पुस्तकात सापडलं. लिटल रिंग्ड प्लोव्हर, म्हणजे आपला कंठेरी चिखल्या. पाठ मातकट, पोट पांढरं, गळ्यात काळा कंठा. मी मात्र त्याला डोळ्यावरून ओळखतो. डोळ्याभोवती पिवळंधमक कडं असतं. हिवाळ्यात उजनी धरणाच्या काठी केंटिश चिखल्ये येतात. त्यांना ते कडं नसतं आणि त्यांचा कंठाही पुढून तुटलेला असतो. ओल्या चिखलावर कंठेरी एक पाय थरथरवत उभा राहतो. त्या हादऱ्यानं आतले किडे हलतात, आणि हलले की गेलेच! हे बघताना माझं मन अजून भरलेलं नाही.

घरटं कसलं, वाळूगोट्यांत उरानं दाबून केलेला खळगा. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली, ठिपकेदार, गोट्यांत गोटे होऊन गेलेली. नर-मादी आळीपाळीनं बसतात. मे महिन्याच्या दुपारी ऊब देण्यापेक्षा सावली धरणं हेच मोठं काम. कुणी जवळ आलं की पंख मोडल्याचं सोंग करत त्याला भलतीकडे नेतात. पिल्लं अंगावरची लव वाळताच चालू लागतात.

सोलापूरला पिण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडायचे, तेव्हा सखल जागेतली घरटी बुडायची. तहानलेल्या शहराचं पाणी कसं अडवायचं? अंडी गेली तर जोडी पुन्हा घालते, पण त्यासाठी वाळू शिल्लक हवी. जिथं जेसीबी उतरला तिथं आता नुसते खड्डे आहेत. ‘मोकळी पडलेली वाळू’ म्हणून ती उचलतात, याचा मला मनस्वी राग येतो.

मार्च लागला की मी गावी जातो. घरट्याभोवती खूण करत नाही, कावळ्यांचं लक्ष जातं. मेंढरंवाल्यांना लांबूनच जागा दाखवतो आणि महिनाभर कळप वरच्या वाटेनं न्यायला सांगतो. बहुतेक जण ऐकतात.