नकाशावरची रेघ

अरबी समुद्राच्या काठी वसलेला आमचा डहाणू तालुका चिकूच्या वाड्यांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. चिकू मूळचा मध्य अमेरिकेकडचा. परंतु येथील माती आणि खारा वारा त्याला असा मानवला, की तो आता आमचाच झाला आहे. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावास भौगोलिक मानांकनही लाभले. रायणीच्या खुंटावर चिकूचे कलम बांधतात. ते भरघोस फळू लागण्यास आठ-दहा वर्षे वाट पाहावी लागते. पण एकदा मूळ धरले, की झाड नातवंडांनाही फळे देते. वडिलांनी लावलेली अशीच एक लहानशी वाडी निवृत्तीनंतर मी सांभाळीत आहे.

आमच्या तालुक्यातील वाढवण येथे मोठे बंदर बांधण्याच्या योजनेस केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. बंदरातील माल देशभर पोहोचावा, म्हणून सुमारे १२ किलोमीटर लांबीचा लोहमार्गही त्या योजनेत आहे. तो मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गास जोडावयाचा आहे. नकाशावर ही एक बारीक रेघ दिसते. तिच्या आसपास राहणाऱ्यांच्या मनात मात्र नाना प्रश्न उभे राहतात.

आमच्या शेजारचा एक वारली शेतकरी मला म्हणाला, "गुरुजी, जमिनीचे पैसे मिळतील; पण पावसाचे पाणी भरावाने अडले, तर ते जाईल कोठे?" त्याचा प्रश्न मला मोलाचा वाटला. लोहमार्गासाठी सखल भागात मातीचा उंच भराव घालावा लागतो. त्याखाली पुरेशा रुंद मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर पाणी शेतात तुंबते; आणि मुळाशी साचलेले पाणी चिकूला सोसत नाही. शिवाय घर रुळांच्या एका बाजूस आणि शेत, विहीर वा शाळा दुसऱ्या बाजूस राहिली, तर मुलांनी व गुरांनी जावे कोठून? मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गावरील गाडी दीड किलोमीटरपर्यंत लांब असू शकते. तेव्हा रुळांखालून जाणारी सुरक्षित वाट हवीच. तोडलेल्या झाडाची किंमत रुपयांत ठरविता येते. ते वाढविण्यात गेलेली वर्षे परत कशी मिळणार?

तथापि लोहमार्गाला केवळ संकट मानणे न्यायाचे होणार नाही. १८६४ साली मुंबई आणि सुरत ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. त्याच मार्गाने पुढे आमचे चिकू दूरच्या बाजारात पोहोचले आणि गावोगावची मुले शिकण्यासाठी मुंबईस गेली. एक मालगाडी कित्येक मालमोटारींचे ओझे वाहते. त्यामुळे रस्त्यावरील गर्दी व धूर कमी होतो, हेही खरे.

म्हणूनच हा मार्ग कोठून, कसा आणि कोणाला विचारून न्यावयाचा, याचा विचार सर्वांनी मिळून केला पाहिजे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणूस पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुका म्हणून घोषित केले. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रातही मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अशा क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. हा अधिकार मोठा आहे. पण सभेत कोणी बोललेच नाही, तर तो कागदावरच राहतो.

आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून एक यादी केली आहे. कोणता ओढा कोठून वाहतो, कोणती विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, मुले कोणत्या पायवाटेने शाळेत जातात, हे सारे तीत लिहिले आहे. त्या वारली शेतकऱ्याने तर केवळ पावसाळ्यात दिसणारे चार ओहोळ सांगितले. मला इतकी वर्षे येथे राहूनही ते ठाऊक नव्हते! ही यादी आम्ही ग्रामसभेपुढे ठेवणार आहोत. मार्ग आखणारे अभियंते आपल्या विद्येत निपुण असतात. परंतु ओढ्याची वाट त्याच्या काठी राहणाऱ्यालाच नीट ठाऊक असते. ती त्याने निर्भयपणे सांगावी आणि इतरांनी आदराने ऐकावी. असे झाले, तरच नकाशावरची रेघ गावाला मारक न ठरता तारक ठरेल.