पाच घरचा जोगवा

मराठवाड्यातल्या बेंबळीकडच्या गावांतून शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या घरांत ऑक्टोबर सरता सरता एक नवा हट्ट सुरू होतो. पोरांना सापळा व्हायचं असतं, चेटकीण व्हायचं असतं, ३१ तारखेला हॅलोविन साजरा करायचा असतो. आईबाप त्यांना मॉलमध्ये नेतात. तिथे प्लॅस्टिकचा भोपळा असतो, फोटोपुरता अंधार असतो, आणि तिकिटाचे पैसे फिटेपर्यंत मजाही येते. त्यात वाईट काही नाही, पण मूळची गोष्ट तेवढी राहून जाते. या सणाचा जीव उंबरठ्यावर आहे. मुलानं शेजारचं दार वाजवावं, आतल्या माणसानं ते उघडावं आणि पसरलेल्या ओंजळीत काही घालावं, एवढाच त्याचा विधी. म्हणून मोठ्या शहरात सहकुटुंब हॅलोविन करायचाच असेल, तर तो आपल्याच इमारतीत, दारोदार जाऊन करावा, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणायला आधार आहे. स्कॉटलंड-आयर्लंडमधली मुलं सोंग घेऊन घरोघर जात. आधी गाणं किंवा कविता म्हणत आणि मगच फळं, सुकामेवा पदरात पडे. न्यूयॉर्कची आजची प्रचंड हॅलोविन मिरवणूकही अशीच लहानशी सुरू झाली. ग्रीनिच व्हिलेजमधल्या राल्फ ली या मुखवटे नि बाहुल्या घडवणाऱ्या कलावंतानं १९७०च्या दशकात गल्लीतल्या मुलांना घेऊन काढलेली ती घरोघरची फेरी होती. १९५० साली फिलाडेल्फियातल्या मुलांनी हॅलोविनच्या अशाच फेरीत दुधाच्या रिकाम्या खोक्यांतून जगातल्या गरजू मुलांसाठी नाणी गोळा केली आणि युनिसेफला दिली. मराठवाड्याला तरी यात नवं काय आहे? दिवाळीत गुराखी पोरं लव्हाळ्याची दिवटी विणतात, तिच्यावर पणती ठेवतात आणि गाणं म्हणत गोठ्यागोठ्यातली गुरं ओवाळतात. घरची बाई पणतीत तेल घालते, हातावर पैसे ठेवते. वारा आला की पोरगं तळहाताचा आडोसा करतं आणि तसंच पुढच्या दाराशी जातं. गाव त्याला आणि ते गावाला अशा फेऱ्यांतूनच ओळखू लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो मानाचा. आमची मुलं का दारोदार मागतील? हा प्रश्न तुळजाभवानीच्या जिल्ह्यात तरी पडू नये. मंगळवारी-शुक्रवारी भरल्या घरची बाईसुद्धा परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते. परडीत पडतं ते मूठभर पीठ, चिमूटभर मीठ. तिच्या घरात धान्याला तोटा नसतो. पाच उंबऱ्यांपुढे ताठा उतरावा म्हणून ती मागते. दार बंद करून राहायला शिकलेल्या शहरी मुलाला हा धडा फार मोलाचा आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. अनोळखी माणूस खाऊत विष घालेल या भीतीनं अमेरिकेतले पालक वर्षानुवर्षं धास्तावले. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या घटना तपासल्या. अनोळखी माणसाच्या खाऊनं मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. धोका आहे तो रस्त्यावर. अमेरिकेतल्या चार दशकांच्या अपघातांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या दिवसांहून ४३ टक्के जास्त आढळला. म्हणजे मुलांना गाडीत घालून गर्दीच्या ठिकाणी नेण्यापेक्षा इमारतीचा जिना केव्हाही बरा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. भुताखेतांचं कौतुक करून अंधश्रद्धा वाढणार नाही का? करणी-भानामतीच्या संशयानं आपल्याकडे माणसांची आयुष्यं नासली आहेत, २०१३मध्ये राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्यामुळे चेटकिणीचं सोंग आपण खुशाल वगळावं. ज्या शिक्क्यानं बायका छळल्या गेल्या तो मुलींच्या अंगावर चढवू नये. पण भीतीशी खेळणं वेगळं. मुखवट्याआडून मूल स्वतःच ओरडतं, समोरचा दचकल्याचं नाटक करतो, दोघं हसतात आणि भूत आपणच केलेलं असतं हे मुलाला आयुष्यभरासाठी कळतं. त्यासाठी आयात केलेला सापळा लागत नाही. वाघ आहे, बहुरूपी आहे, शेतातलं बुजगावणं आहे. जुना सदरा आणि डोक्यावर रंगवलेलं मडकं एवढ्यात ते उभं राहतं.

तेव्हा येत्या ३१ ऑक्टोबरला एवढंच करा. आधी शेजाऱ्यांना विचारा, ज्यांना चालेल त्यांच्याच दारावर कागदाचा भोपळा चिकटवा. वरच्या मजल्यावरून जिन्यानं खाली या, घरं पाचच घ्या. प्रत्येक दारी मुलानं आधी गाणं म्हणावं, नाव सांगावं, मग हात पुढे करावा. देणाऱ्यानं राजगिऱ्याचा लाडू द्यावा, कुंथलगिरीचा पेढा द्यावा. आणि एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचं दार त्या पाचांत असायलाच हवं.