बिनतिकिटाचे प्रवासी

चोर निसटावा आणि शिपाई फजीत व्हावा, असे वाटणारा एक कोपरा प्रत्येकाच्या मनात असतो. मुलांच्या बाबतीत कोपरा कसला, अख्खे घरच! म्हणून तर माझी आठ वर्षांची भाची 'रॅट्झ' ही व्यंगचित्रमालिका पाहताना सदैव उंदरांच्या पक्षात असते.

मालिका फ्रान्समधली. 'ऑगी'मुळे आपल्या पोरांना ठाऊक झालेल्या झिलाम या संस्थेने ती २००३ साली आणली. रॅपिडो आणि रॅझमो हे दोन उंदीर एका मालवाहू जहाजावर बिऱ्हाड करून आहेत, आणि जहाजावर माल कोणता, तर चीज! शंकरपाळ्यांनी भरलेली आगगाडी कुणाला आंदण मिळावी, तसा हा प्रकार. ना तिकीट, ना भाडे. नुसती धावपळ, पडझड आणि आरडाओरड. भाची हसून हसून लोळते.

मी पडलो मास्तर. मला हसतानाही भूगोल सुचतो. इंग्रजीत ज्याला जहाजी उंदीर म्हणतात, तो काळा उंदीर मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातला, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. धान्य गलबतांत चढले, त्याबरोबर हाही चढला आणि रोमन लोकांच्या काळातच युरोपात पोचला. म्हणजे पासपोर्ट न काढता परदेशी गेलेला हा आपला देशबांधवच म्हणायचा! बंदरात जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या गोल चकत्या अडकवतात ना, त्या त्याचीच ये-जा अडवण्यासाठी.

हे ऐकून भाचीची कळी खुलली. पण फराळाच्या डब्यांची झाकणे घट्ट करीत बसलेली माझी आई मात्र हसली नाही.

"उंदरांचं कसलं रे कौतुक?" ती म्हणाली. "माझी आजी सांगायची, घरात उंदीर पडला की चुलीवरचं तसंच टाकून माणसं गावाबाहेर जायची."

'उंदीर पडला' हे दोनच शब्द. पण एके काळी ते ऐकून गावे ओस पडत. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला; तो हाँगकाँगहून जहाजांतून आला असावा, असे मानतात. पुढल्याच वर्षी पुणे त्याने हवालदिल केले, आणि मग खेडोपाडी गाठीचा ताप पसरला. आईची आजी अशाच एका साथीत शेतातल्या खोपटात राहिली. त्या वर्षी दिवाळीची पणती खोपटाच्या तोंडाशी लागली. पण घरातली दोन माणसे ती पाहायला उरली नव्हती.

भाची ऐकत होती. तिने विचारले, "आजी, म्हणजे आधी उंदीरच मेले?"

"हो, आधी तेच."

"मग त्यांना कुणी सांगितलं नाही, बाहेर जा म्हणून?"

आईकडे उत्तर नव्हते. माझ्याकडे होते, पण ते पुस्तकी. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले, की हा रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवा पसरवतात. उंदीर मेला, की भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणजे ज्याला आपण यमदूत समजत होतो, तो स्वतःच पहिला बळी होता. शिवाय जहाजे आपण बांधली, धान्य आपण भरले, समुद्रातल्या वाटाही आपणच पाडल्या. तो नुसता बरोबर आला.

एवढ्यावरून उंदरांना घरात पाट मांडावा, असे मी म्हणत नाही. आईने त्या रात्री माळ्यावर पिंजरा लावला, आणि त्याला खोबऱ्याचा तुकडा मीच बांधून दिला. धान्य राखायचे तर एवढे करावेच लागते. पण ज्याच्या भीतीने पणजी घर सोडून पळाली, त्याच्याच करामतींवर खापरपणती पोट धरधरून हसते आहे, यात मला समाधान वाटते. हे हसणे आयते मिळालेले नाही. त्यापाठीमागे पिसवा निरखणारा तो डॉक्टर आहे, लस आहे, औषधे आहेत, आणि शेतातल्या खोपटात दिवस काढलेली कितीतरी माणसे आहेत.

भाचीला हे सगळे आज कळायला नकोच. तिला सध्या काळजी आहे ती एकच: जहाजावरचे चीज संपले, तर त्या दोघांनी पुढे खायचे काय?