मानेजवळचे दोन इंच

केबल कुठे तुटली आहे हे बघायला मला चष्मा लागत नाही. ती मानेतच तुटते. कडक पिन संपते आणि मऊ वायर सुरू होते, नेमकी तिथे. बाकीची सबंध मीटरभर वायर धडधाकट असते आणि या दोन इंचांपायी ती कचऱ्यात जाते.

सोसायटीतली मुलं ‘काकू, केबल गेली’ म्हणत दारात उभी राहतात, तेव्हा मी आधी विचारते, ‘झोपून बघतोस ना फोन?’ उत्तर येत नाही, हसू येतं. पोटावर टेकवलेल्या फोनखाली पिन दबते, वायर काटकोनात वळते आणि आतल्या केसांसारख्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात. बाहेरचं रबर फाटतं ते फार नंतर. (आणि पुष्कळदा केबल गेलेलीच नसते. फोनच्या भोकात खिशातला कापूस ठासून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं तो काढला की मूल खूश होऊन पळतं. माझं काम मात्र हुकतं.)

माझा हात मुळात शिवणाचा. तरी पहिली केबल दुरुस्त केली ती अगदी आडदांडपणे. दोन रंगांची लुगदी मळली, मानेभोवती लिंपली, रात्रभर वाळू दिली. सकाळी तो भाग दगडासारखा झाला होता. महिन्याभरात केबल पुन्हा गेली, लुगदीच्या कडेला लागून. जुनी मान शाबूत होती. मी ती फक्त अर्धा इंच खाली सरकवली होती. शिवणारीला हे आधीच सुचायला हवं होतं. विरलेल्या मऊ साडीला नव्या जाड कापडाचं ठिगळ लावलं, की साडी ठिगळाच्या कडेनंच फाटते.

तेव्हापासून मी वायर घट्ट करण्याच्या मागे लागत नाही. पिनेपाशी कडक, मग जरा कमी, मग आणखी कमी, असं करत ती मूळच्या मऊपणाला कधी मिळाली ते बोटाला कळू नये, एवढंच बघते. बॉलपेनची स्प्रिंग गुंडाळायची युक्ती सगळ्यांनाच ठाऊक असते. दिसते झकास. पण तिची टोकं धारदार असतात आणि ती जागेवर बसत नाही, सरकते आणि रबराला चावते. जुन्या इस्त्रीच्या वायरीलाही मानेशी स्प्रिंग असायची हे खरं, पण ती ऐसपैस असे आणि एका टोकाला पक्की बसवलेली असे. इन्सुलेशन टेपचं तर नावच नको. उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो आणि केबल हाताला, चादरीला, सगळ्याला चिकटत फिरते.

मी वापरते तो चप्पल शिवायचा मेण लावलेला दोरा. पिनेपासून दोन इंचांवर सुरुवात करायची. आधी विरळ वेढे, पिनेकडे जाताना दाट, आणि अगदी मानेवर एकाला एक चिकटलेले. दोऱ्याचा एक फास आधीच वायरीवर आडवा ठेवून त्याच्यावरूनच वेढे घ्यायचे, शेवटचं टोक त्या फासातून काढायचं आणि दुसरं टोक ओढायचं. गाठ वेढ्यांच्या पोटात जाते. क्रिकेटच्या बॅटीच्या मुठीवर दोरा कसा बसलेला असतो, तसा हा बसतो.

वर श्रिंक स्लीव्ह. पुण्यात तपकीर गल्लीत ती मीटरवर मिळते. पण साधी नळी तापवल्यावर निम्मीच होते. पिनेवरून जाईल अशी १२ मिलिमीटरची घेतली, तर आकसून ६ वर थांबते आणि ४ मिलिमीटरच्या वायरीवर नुसती लोंबते. तिपटीनं आकसणारी, आतून गोंद असलेली मागायची. लायटरनं तापवताना पिवळी ज्योत लागली तर काजळी धरते. निळ्या बुडाशी, हात सतत हलता ठेवून.

हे सगळं तारा शाबूत असेपर्यंत. मानेत तारा तुटल्या, की जोडायला पिनेच्या बाजूला तार उरतच नाही, पिनच बदलावी लागते. अॅडॉप्टरकडची चौकोनी पिन सोपी. चार पाय, चार तारा: लाल पाच व्होल्टची, काळी शून्याची, पांढरी आणि हिरवी डेटाची. रंगांवर मात्र मी विश्वास ठेवत नाही. मीटरचा बझर लावून प्रत्येक तार तपासते, कारण लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फोन जातो. वायर मध्येच कुठे उंदरानं कुरतडली असेल, तर चारही जोड एका ओळीत येऊ देत नाही. तारा कमीजास्त लांबीच्या कापते, म्हणजे जोड एकमेकांना टेकत नाहीत आणि तिथे गाठोडंही होत नाही. सोल्डर मारण्याआधी नळी ओवून ठेवायची असते. मी ती इतक्यांदा विसरले आहे, की आता नळी ओवल्याशिवाय सोल्डरिंगचं बटणच दाबत नाही.

जोड कच्चा राहिला तर तो तापतो. ३ अँपिअर जात असताना दशांश ओहमचा अडथळासुद्धा जवळजवळ एक वॉटची ऊब त्या चिमटीएवढ्या जागेत कोंडतो. म्हणून करपलेल्या वासाची, तपकिरी पडलेली केबल मी हातात घेत नाही. लॅपटॉपचीही नाही. २०१४ साली आलेल्या टाइप-सी पिनेच्या केबलींतून आता ४८ व्होल्टनं २४० वॉटपर्यंत वीज नेता येते. तिथे माझ्या जेवणाच्या टेबलावरच्या कसबाचं काम नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा पुन्हा आला. चार महिन्यांपूर्वी दोरा गुंडाळून दिलेली त्याची केबल होती. मी जरा खट्टूच झाले. बघते तर दोरा जागच्या जागी, मान ठणठणीत.

‘काकू, ही नाही. दुसरी बाजू. अॅडॉप्टरची.’

‘तेव्हाच का नाही आणलीस?’

‘तेव्हा तुटली नव्हती ना.’

मी दोऱ्याचं रीळ शोधायला उठले.