गर्भज्ञान आणि सत्यव्रत

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याने २०२३ साली एक कायदा केला. गर्भाचा मेंदू, हृदय व इतर अवयव कसे घडतात हे दाखवणारी किमान तीन मिनिटांची चित्रफीत सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना दाखवावी, असा त्याचा आशय. पुढील वर्षी टेनेसी राज्यानेही तसाच कायदा केला. अन्य राज्यांतही अशी विधेयके मांडली गेली. त्यांना ‘बेबी ऑलिव्हिया’ हे नाव पडले, ते ‘लाइव्ह ॲक्शन’ या गर्भपातविरोधी संस्थेच्या चित्रफितीवरून.

जैन मन अशा वार्तेला सहज अनुकूल होते. मातेला क्लेश नकोत म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल राहिले. त्या निश्चलतेनेच त्रिशलामाता शोकाकुल झाली. तेव्हा माता-पिता हयात असेतो दीक्षा न घेण्याचा संकल्प त्यांनी गर्भातच केला. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्राची ही कथा पर्युषणात भक्तिभावाने ऐकली जाते. ‘तंदुलवेयालिय’ या प्राचीन ग्रंथात तर कलल, अर्बुद, पेशी अशा गर्भाच्या अवस्था क्रमाने वर्णिल्या असून गर्भवासाचा काळ २७७॥ अहोरात्र सांगितला आहे. गर्भज्ञान हा आपल्या पूर्वाचार्यांनी निषिद्ध मानलेला विषय नव्हे.

वाद आहे तो मोजमापाचा. प्रसूतितज्ज्ञ गर्भाचे वय शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ही चित्रफीत फलनापासून मोजते. दोन्ही गणनांत सुमारे दोन आठवड्यांचे अंतर पडते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र आरंभाची तारीख न सांगता मांडलेला हिशेब, आकडे बरोबर असूनही, ऐकणाऱ्याची दिशाभूल करतो. अहिंसेच्या पाठोपाठ सत्य हे महाव्रत येते. एकाच्या रक्षणासाठी दुसऱ्याला मुरड घालण्याची मुभा शास्त्र देत नाही. बालकांना शिकवायचे ते पूर्ण शिकवावे, आणि गर्भाबरोबर त्याला धारण करणाऱ्या मातेचाही विचार शिकवावा. कल्पसूत्रातील कथेचे मर्म तरी दुसरे काय आहे?

दूरदेशीच्या कायद्याचा विचार करताना स्वगृहीही दृष्टी वळायला हवी. २००१ च्या जनगणनेत देशात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९२७ मुली होत्या. जैन समाजात केवळ ८७०. २०११ मध्ये हा आकडा ८८९ झाला. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या समाजात या मुली कमी का, हा प्रश्न कोणत्याही चित्रफितीपेक्षा अधिक बोलका आहे.

गर्भातील जीव पूज्य आहे, हे पाठशाळेत अवश्य शिकवावे. त्याच वर्गात हे आकडेही फळ्यावर लिहावेत. मुले प्रश्न विचारतील, आणि उत्तर मोठ्यांना द्यावे लागेल.